पदवीची किंमत विचारायला आलेली माणसं

बारावीचा निकाल लागला की आमच्या खोलीतल्या पंख्यावरची धूळ पुसली जायची आणि टेबलासमोर तीन खुर्च्या मांडल्या जायच्या. दोन आईबापांच्या, एक मुलाची. मुलाची खुर्ची मुद्दाम जरा पुढे आणि तिरकी, म्हणजे बोलताना त्याचं तोंड माझ्याकडे न राहता बापाकडे होईल. ही मांडणी आमच्या डायरेक्टर सरांची. पुढे ती माझ्या इतकी अंगवळणी पडली की घरी पाहुणे यायचे असले तरी माझा हात आपोआप एक खुर्ची तिरकी करायचा.

मी सांगलीजवळच्या एका खाजगी संस्थेत प्रवेश समुपदेशक होते. कृष्णाकाठच्या आमच्या गावात, आमच्या जैन गल्लीत, माझ्या नोकरीबद्दल कुणी विचारलं की आई सांगायची, "पोरांच्या अॅडमिशनी करती." भाऊ म्हणायचा, "गिऱ्हाईक पटवती." भावाचं जास्त बरोबर होतं.

संस्थेत कोर्स पुष्कळ, पण माझ्या टेबलावर एकच असायचा: बिझनेस कम्युनिकेशनची तीन वर्षांची पदवी. हे काय असतं, हे मी हजारदा सांगितलंय, तर इथेही सांगते. कारखान्यात माल बनतो, पण त्याच्या आधी आणि नंतर नुसतं बोलणं आणि लिहिणं असतं. माल उशिरा का पोचला ते गिऱ्हाइकाला कळवायचं. ते चिडलं तर त्याची समजूत काढायची. कामगारांना नवा नियम सांगायचा, पण तो दम वाटता कामा नये. साहेबाला दहा पानांचा विषय अर्ध्या पानात द्यायचा. ही कामं प्रत्येक कंपनीत कुणीतरी करतंच, बहुतेक वेळा वाईट करतं. ती चांगली करणारा माणूस तयार करायचा, असा तो कोर्स. कोर्स वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटेल.

फी मात्र आमच्या भागाच्या मानानं फार होती. तीन वर्षांची फी आणि राहण्या-जेवणाचा खर्च मिळून खेडेगावात दोन खोल्या स्लॅबसकट उभ्या राहिल्या असत्या. आणि पास झाल्यावर नोकरी लागायची ती शिरवळला नाहीतर पुण्याला, ऑफिसातली, सुरुवातीला साध्या पदवीवाल्याएवढ्याच पगाराची. मग हा खर्च करायला माणूस तयार कसा व्हायचा? तिथे माझं काम सुरू व्हायचं.

मुलाला तिरक्या खुर्चीत बसवायचं आणि गोड आवाजात म्हणायचं, "बाळ, दोन मिनिटं स्वतःबद्दल इंग्रजीत सांग बरं." पोरगं "माय नेम इज" पर्यंत झकास यायचं. मग गावाचं नाव, मग वडिलांचं काम, आणि तिथं गाडी रुतायची. समोर बाप. बापाच्या देखत ते पोर मान खाली घालून बसायचं. मी त्याला पुरतं अडकू द्यायची, मग पुढे वाकून म्हणायची, "काही हरकत नाही, हेच तर आम्ही शिकवतो." बाप तोवर खिशातलं पेन काढत असायचा.

सरांचा आवाज करडा होता, त्यांना हे इतकं जमायचं नाही. मला जमायचं, कारण मी मुळात कमी बोलणारी आणि मऊ बोलणारी. लोकांना मी आपली वाटायची.

सगळेच काही असे सापडायचे नाहीत. साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार आले होते. मुलाला इंग्रजीत बोल म्हटल्यावर तेच उभे राहिले आणि छाती पुढे काढून म्हणाले, "माय सन इज शाय, मॅडम. आय विल रिपोर्ट." आणि त्यांनी मुलाच्या जन्मापासूनचा रिपोर्ट दिला. मुलगा खिडकीबाहेर बघत होता. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यानं मला विचारलं होतं, "ही डिग्री घेतल्यावर पोरगा आमच्याशी बोलायचा का फक्त कंपनीशी?" मी हसण्यावारी नेलं. तो खोलीतून बाहेर पडल्यावर सर म्हणाले, "असल्या लोकांना वेळ देत जाऊ नका."

आणखी एक गोष्ट मी करायची, खरं म्हणजे करायची नाही. मुलींना, मागास आणि भटक्या समाजातल्या मुलांना अनुदानित कॉलेजात फीच्या सरकारी सवलती मिळतात, वसतिगृहं असतात. आमचा कोर्स त्यात बसत नव्हता. कुणी विचारलं तर मी खरं सांगायची. कुणी विचारलं नाही तर गप्प. गप्प बसणं हा माझा लहानपणापासूनचा स्वभाव. त्याचा मी पगार घेतला.

सूरज हा आमचा जुना विद्यार्थी मला शिरवळला भेटला. परीक्षा जवळ आल्या की मी मुलांच्या फायली घेऊन तिकडच्या कंपन्यांची दारं वाजवत फिरायची, आमची चार पोरं घ्या म्हणून. एका गेटवर मला आत न्यायला हाच आला. रहिमतपूरचा, किराणा दुकानदाराचा मुलगा. जेवणाच्या सुट्टीत त्यानं मला बाहेरच्या टपरीवर चहा पाजला. मी विचारलं, "कोर्सचा उपयोग झाला का रे?"

"खरं सांगू का, मॅडम? पहिली दोन वर्षं माझा आणि चुलतभावाचा पगार सारखा. त्यानं कोरेगावात साधं बी.कॉम. केलंय, फी म्हणजे नावाला. तिसऱ्या वर्षी मी पुढं गेलो, कारण गिऱ्हाइकांच्या तक्रारी माझ्याकडं आल्या. म्हणजे उपयोग झाला. पण फीएवढा झाला का, ते अजून कळायचंय."

हे त्यानं हिशेबी माणसासारखं, न रागावता सांगितलं. मग म्हणाला, "पण ते तुमच्या खुर्चीचं तेवढं लागलं."

"कुठल्या खुर्चीचं?"

"अडमिशनच्या दिवशी मी अडकलो ना बोलताना. घरी जाताना एस.टी.त अण्णा म्हणाले, माझ्याशी बोलून बोलून तुझं असं झालं. आमचे अण्णा म्हणजे दिवसभर तोंड चालू, गिऱ्हाईक साखरेला येतं आणि गप्पा ऐकून जातं. ते माझ्याशी जपून बोलायला लागले, मॅडम. मला फोन करत न्हाईत. कंपनीतलं कुणी शेजारी असंल, त्याला ऐकू जाईल म्हणतात. आईला लावायला सांगतात."

मी टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला. मला तो नको होता.

इथे, मी त्या दिवसापासून सुधारले, असं लिहायला हवं. तसं झालं नाही. पुढच्या जूनमध्ये मी खुर्च्या तशाच मांडल्या. फरक एवढाच की पोरगं अडखळायला लागलं की मी बापाकडे बघायचं टाळायची.

त्याच जूनमध्ये मायाप्पा आणि त्यांची मुलगी सोनाली आली. जत तालुक्यातली धनगर मंडळी. मायाप्पांच्या डोक्याला मुंडासं, पायात जाड वहाणा, आणि खोलीत आल्या आल्या ते थेट मुलाच्या तिरक्या खुर्चीत बसले. सोनाली आईबापांच्या खुर्चीत. माझी सगळी मांडणीच उलटी झाली.

"दादा, तुम्ही इकडे बसा. तिला तिथं बसू द्या. मला तिला थोडं विचारायचंय," मी म्हटलं.

"हिला काय इचारताय? पैका मी देणार हाय. मला इचारा."

आता मुंडासं घातलेल्या माणसाला इंग्रजीत स्वतःबद्दल सांगा म्हणायची माझी छाती झाली नाही. मी म्हटलं, "फी कळलीय का तुम्हाला?"

"कळलीया. निम्म्याच्या वर मेंढरं काढतोय. गिऱ्हाईक ठरलंय, बेस्तरवारी टेम्पो यायचा हाय. आज तुमची जागा पक्की करायची आन् जायचं."

"मग मागं काय राहील?"

"पोरीची डिग्री ऱ्हाईल की."

सोनाली बापाकडे बघत होती. तिला तो कोर्स हवा होता हे तोंडावर दिसत होतं, आणि टेम्पो यायला नको होता हेही दिसत होतं. दुसरं काही सुचेना म्हणून मी तिला मराठीतच विचारलं, "तुला हाच कोर्स का करायचाय?"

ती म्हणाली, "मॅडम, मला बोलून काम करायला आवडतं. आमच्या मेंढरांचं मीच ठरवते."

दिवाळीनंतर ही माणसं मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला येतात. पीक निघालेल्या रानात रात्रीची मेंढरं बसवतात. रानाला खत मिळतं, शेतकरी त्याबद्दल धान्य नाहीतर पैसे देतो. पूर्वी मायाप्पा गावात जाऊन रानं शोधायचे, कधी मिळायची, कधी कळप रस्त्याकडेला बसायचा. सोनाली नववीत असल्यापासून हे फोनवर ठरवत होती. कुणाचं सोयाबीन कधी निघतंय, मागल्या वर्षी कोण खूश होतं, कुणाला आधी आठवण करावी लागते, सगळं तिच्या डोक्यात.

"कधी चुकलं नाही?" मी विचारलं.

बापलेक एकमेकांकडे बघून हसले. मायाप्पा म्हणाले, "सांग की, वाळव्याकडचं सांग."

"एकदा मी एकाच रात्रीचं दोघांना हो म्हणून बसले," सोनाली म्हणाली. "दोघं सख्खे भाऊ. रानाला रान लागून. आणि बोलणं बंद, कोर्टात केस. दोघंबी बांधावर उभे, मेंढरं माझ्याच रानात बसणार म्हणून."

"मग?"

"मग बांधावरच बसवली. निम्मी इकडं, निम्मी तिकडं. रात्रभर दोघं खत कुणाकडं जास्त पडतंय ते राखत बसले. सकाळी एकाच किटलीतला चहा पीत होते."

"केस अजून हाय," मायाप्पा म्हणाले, "पर च्या पित्यात."

मला हसू आलं. समोर फॉर्म होता. मायाप्पांनी पेन मागितलं. मी उठून दार लावलं आणि म्हटलं, "दादा, मेंढरं विकू नका."

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा बदलला.

"का वं? धनगराच्या पोरीला झेपायचं न्हाई म्हंता व्हय?"

"तसं नाही हो. तिला दुसरीकडेही..."

"दुसरीकडं म्हंजी? हितं पाटलांची पोरं घेताय, आमच्या पोरीला दुसरीकडं? शाळेतबी मास्तर असंच म्हनायचा, दुसरीकडं बस म्हणून."

मी सवलतींचं सांगायला लागले, अनुदानित कॉलेज, मुलींचं वसतिगृह. जितकं सांगत गेले तितका त्यांचा संशय वाढत गेला. इतकी वर्षं ज्या गोड आवाजात मी माणसं आत ओढली, त्याच आवाजात त्यांना बाहेर काढत होते, आणि माणूस हुशार होता, आवाजावर विश्वास ठेवत नव्हता. शेवटी ते उठले आणि म्हणाले, "अक्का, तुमाला पोर हाय का?"

"आहे. एक मुलगी."

"कुटं शिकली?"

हा प्रश्न मला आजवर एकाही पालकानं विचारला नव्हता. 

"सांगलीत. अनुदानित कॉलेजात, साधं बी.कॉम."

"हितं का न्हाई घातली?"

"फी बघून. एवढे पैसे घालून सुरुवातीला मिळणारा पगार मला माहीत होता म्हणून. तिनं कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं, आई काम करते तिथं शिकू नये. ते खरं नव्हतं."

हे मी नवऱ्यालाही कधी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. मग थांबता आलं नाही. त्या तिरक्या खुर्चीचं सांगितलं, रहिमतपूरच्या अण्णांचं सांगितलं. मायाप्पांनी ज्या खुर्चीत आपण बसलो होतो तिच्याकडे एकदा बघितलं. आधी सोनाली हसली, तोंडावर हात धरून. मग मायाप्पा परत बसले.

"आवं, मग हे आदी सांगायचं की. इतकं आडून आडून बोलल्यावर मानसाला वंगाळच वाटतंय."

मग आम्ही तिघांनी सगळं पुन्हा बघितलं. इकडे तीन वर्षं आणि निम्म्याहून जास्त कळप. तिकडे तीन वर्षं, फी नावाला, राहण्याची सोय होण्यासारखी. मायाप्पांना पटलं. सोनालीला पटलं नाही, आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

"पण मॅडम, मला जे शिकायचंय ते बी.कॉम.मध्ये कुठं असतंय? तिथं खाती लिहायला शिकवतील. पत्र कसं लिहायचं, कंपनीत कसं बोलायचं, ते इथंच शिकवता ना?"

"हो. ते इथंच."

"मग ते तुम्ही शिकवा मला. रविवारी."

मी म्हटलं, आमच्या गावी येत जा, भावाच्या रानातल्या शेडमध्ये बसू, शिकवते. मायाप्पांनी लगेच हात आडवा केला. "फुकट न्हाई. फुकटचं ध्यानात ऱ्हात न्हाई. तुमच्या भावाचं रान हाय म्हनला न्हवं? दर साली दोन राती मेंढरं बसवतो."

पालकानं स्वतः सांगितलेली माझ्या आयुष्यातली पहिली फी अशी ठरली. बेस्तरवारचा टेम्पो त्यांनी माझ्याच खोलीतून फोन करून रद्द केला.

दिवाळीपर्यंत मी ती नोकरी सोडली. सर वाईट माणूस नव्हते, ते एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमच्या टेबलावरून पालक परत जायला लागलेत." ते खरं होतं. खुर्च्या सरळ केल्यावर आणि विचारायच्या आधी सांगायला लागल्यावर निम्मे परत जात. उरलेले मात्र समजून उमजून प्रवेश घेत. ज्यांची ऐपत होती आणि ज्यांना ते काम मनापासून हवं होतं, त्यांचं त्या कोर्सनं भलंही झालं. अजूनही कुणी विचारलं तर मी सांगते, नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो संस्था भिंतीवर लावते, त्यांवर जाऊ नका. तीन वर्षांपूर्वी पास झालेल्या चार मुलांचे फोन नंबर मागा, आणि पगार पहिला नको, तिसऱ्या वर्षीचा विचारा.

जे आधी येऊन गेले, त्यांचे नंबर शोधले. काहींना फोन केले. काहींनी उचलले, काहींनी नाही. रहिमतपूरला मात्र गेले. अण्णा एका बाईला तूरडाळ बांधून देत होते, गप्प. मी ओळख सांगितली आणि म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी तुमच्या बोलण्यात काही खोट नव्हती. आम्ही पोराला मुद्दाम तसं बसवायचो." त्यांनी पुडीला दोरा गुंडाळला, तोडला, आणि बराच वेळ ती पुडी हातातच धरली. डाळ घ्यायला आलेली बाई आमच्या दोघांकडे बघत राहिली. मग म्हणाले, "म्हंजी मी फोन केला तर चालंल म्हणता?"

सोनालीला अनुदानित कॉलेजात प्रवेश आणि वसतिगृह मिळालं, आणि ती रविवारी यायची. भावाच्या शेडमध्ये, हळदीच्या पोत्यांच्या शेजारी आम्ही बसायचो. आधी मराठीत लिहायचं, मग इंग्रजीत. ऐकणाऱ्याला पहिल्यांदा काय हवंय ते वर लिहायचं, आपलं रडगाणं खाली. तिचं इंग्रजी अडखळायचं, अजून थोडं अडखळतं. पण ती अडखळली की थांबत नाही, वळसा घालून पुढे जाते. वसतिगृहातल्या दोन मैत्रिणीही यायला लागल्या. त्यांच्या घरच्यांकडून फी म्हणून एकदा काकवी आली, एकदा भुईमुगाच्या शेंगा.

गेल्या हिवाळ्यात मायाप्पांचा कळप भावाच्या रानात बसला होता. सोनालीचं शेवटचं वर्ष. आमची जैनांची दिवस मावळायच्या आत जेवायची रीत, म्हणून ऊन असतानाच रानातच पंगत बसली: भाकरी, वांग्याचं भरीत, आणि मायाप्पांच्या बायकोनं केलेलं हुलग्याचं माडगं. तेवढ्यात सोनालीचा फोन वाजला. परदेशात द्राक्षं पाठवणारी तासगावकडची एक कंपनी. त्यांना बागायतदारांशी गावच्या बोलीत बोलणारं आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांना इंग्रजीत लिहिणारं एकच माणूस हवं होतं. तिची मुलाखत आधीच झाली होती.

ती जागची उठलीसुद्धा नाही. आम्हा सगळ्यांच्या देखत, बापाच्या शेजारी बसून, इंग्रजीत बोलली. एकदा शब्द सापडेना, तेव्हा तिनं मराठीत म्हटलं आणि पुढे गेली. मायाप्पा भाकरी मोडून खात होते. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हनला?"

"घेतो म्हणाले. पगार सांगितला."

पगार ऐकून भावानं माझ्याकडे बघितलं. शिरवळला आमची मुलं ज्यावर लागायची तेवढा होता, वर घरापासून जवळ.

"मग तू काय म्हनलीस?" मायाप्पांनी विचारलं.

"विचार करून सांगते म्हटलं."

मायाप्पांचा घास हातातच राहिला. "आगं येडी का काय तू? हो म्हनायचं की लगीच."

"आबा," सोनाली माडग्याची वाटी पुढे ओढत म्हणाली, "पयल्या बोलीला कवा मेंढरू दिलंय का आपण?"

मायाप्पांनी हातातला घास खाल्ला. मग बायकोला म्हणाले, "वाढ तिला."

दोन दिवसांनी कंपनीचा पुन्हा फोन आला. त्यांनी किती वाढवून दिले ते तिनं मला सांगितलंय. मायाप्पांना विचारा, ते सांगतील; सध्या ते वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगतात.